कर्ज दुसरीकडे गेले तर?

आमच्या आळीतल्या मावशींनी शिवणयंत्रासाठी कर्ज काढले. हप्ता ९०० रुपये. पुढे कंपनीने ते कर्ज दुसऱ्या कंपनीला विकले. नवा वसुलीवाला म्हणाला, "आता ११०० भरा."

आम्ही विचारले, "कागद कुठाय?" कागद नव्हता.

ध्यानात ठेवा. कंपनी बदलली तरी करार तोच राहतो. शर्ती बदलल्या, तर आपल्याला समजेल अशा भाषेत कळवावे लागते. वाढीव व्याज मागल्या काळाला लावता येत नाही. हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

जुन्या कंपनीकडे खात्री करा, मगच नव्या कंपनीला पैसे द्या. हप्ता चुकवू नका. पावत्या जपा. तक्रार लेखी द्या. ३० दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

मावशींनी ९०० भरले, पावती वाचूनच घेतली.