क्रिमिनल जस्टिसची अमेरिकी पदवी: छोट्या विद्यापीठाचा मोठा खर्च

छोट्या अमेरिकी खासगी विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं की घरात आधी नजर जाते ती स्कॉलरशिपच्या आकड्यावर. 'दरवर्षी १४,००० डॉलर' वाचून आईवडिलांना हायसं वाटतं. पण तिथल्या खासगी कॉलेजांत छापील फी पूर्ण भरणारे विद्यार्थी थोडेच असतात. पदवीच्या पहिल्या वर्षाला ही कॉलेजं सरासरी निम्म्याहून जास्त सूट देतात. त्यामुळे सूट किती मिळाली याला फारसा अर्थ नाही. सूट वजा जाता खिशातून किती जाणार, ते पाहायचं.

एक नमुना हिशोब मांडू. डॉलर ९० रुपयांचा धरू. छापील फी ३६,००० डॉलर, सूट १४,०००, म्हणजे फी उरली २२,०००. वसतिगृह आणि मेस १३,०००, आरोग्य विमा २,५००, पुस्तकं १,०००, विमानप्रवास आणि किरकोळ ३,०००. एकूण ४१,५०० डॉलर, म्हणजे वर्षाला साधारण ३७ लाख ३५ हजार रुपये. चार वर्षांचे दीड कोटी. तुमच्या पत्रातले आकडे वेगळे असतील, पण रकाने हेच राहतील.

आता त्या पत्रातली बारीक अक्षरं वाचा. स्कॉलरशिप बहुतेक वेळा डॉलरमध्ये ठरलेली असते आणि चारही वर्षं तेवढीच राहते; फी मात्र वाढत जाते. वर्षाला ४ टक्के वाढ धरली तर ३६,००० ची फी चौथ्या वर्षी ४०,४९५ होते. सूट तीच १४,०००. म्हणजे तुम्ही भरायची रक्कम २२,००० वरून २६,४९५ वर गेली. छापील फी साडेबारा टक्क्यांनी वाढली, तुमचा भार वीस टक्क्यांनी! शिवाय ठरावीक जीपीए (गुणांची सरासरी) टिकला नाही तर सूट जाते, ही अट बहुधा शेवटच्या परिच्छेदात असते. परक्या देशातलं पहिलं सेमिस्टर जड जाणाऱ्या मुलांवर ती कुऱ्हाड पडते. एखादं सेमिस्टर घसरलं तर सुधारायला मुदत मिळते का, हे आधीच ईमेलने विचारा.

याखेरीज व्हिसाचे १८५ डॉलर आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीसाठीच्या सेव्हिस शुल्काचे ३५०, हे दोन्ही परत न मिळणारे. मिळून साधारण ४८,००० रुपये. परदेशी पैसे पाठवताना वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर टीसीएस हा कर आगाऊ कापला जातो. तो आयकर विवरणपत्र भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर एप्रिल २०२५ पासून हा टीसीएस नाही.

'तिकडे काम करून भागवेल' हा हिशोब कृपया धरू नका. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरच आहे. तीस आठवडे पूर्ण वीस तास काम मिळालं, तरी ४,३५० डॉलर होतात. वरच्या खर्चाच्या दहाव्या हिश्श्याएवढे. काही राज्यांत वेतन याहून चांगलं आहे, पण छोट्या कॅम्पसवर ग्रंथालयातल्या आणि मेसमधल्या जागा मोजक्याच असतात आणि सरकारी मदतीतून चालणारी विद्यार्थी-कामं परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाहीत. गावात बस नसली तर गाडी आणि तिचा विमा हाही खर्च धरा.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पदवीनंतरच्या दारांची. एफबीआयसारख्या केंद्रीय यंत्रणांत अधिकारी व्हायला अमेरिकी नागरिकत्व लागतं, बऱ्याच पोलीस खात्यांतही लागतं; इंटर्नशिपलाही हीच अडचण येऊ शकते. व्हिसासाठी विद्यापीठ जो आय-२० फॉर्म देतं, त्यावर विषयाचा एक संकेतांक छापलेला असतो. क्रिमिनल जस्टिससाठी तो ४३.०१०४ असेल, तर विषय स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत नाही आणि पदवीनंतर कामाची मुभा एकच वर्ष. स्टेम विषयांना आणखी २४ महिने मिळतात. फॉरेन्सिक सायन्स किंवा सायबर तपासाकडे झुकणारा अभ्यासक्रम स्टेममध्ये बसतो का, हे विद्यापीठाला संकेतांकासकट विचारा. दीड कोटींच्या खर्चावर हा दोन वर्षांचा फरक फार मोठा आहे.

छोट्या विद्यापीठाची जमेची बाजूही खरी आहे. वर्गात वीसेक मुलं असतात, प्राध्यापक नावानिशी ओळखतात, शिफारसपत्र मनापासून लिहितात. पण विभागात तीनच शिक्षक असतील आणि एक रजेवर गेला, तर सक्तीचा पेपर त्या वर्षी लागतच नाही. त्यापायी एक सेमिस्टर वाढलं की अठरा-एकोणीस लाख गेले. मागच्या दोन वर्षांत कोणते पेपर प्रत्यक्ष शिकवले गेले, याची यादी मागा. आणि विद्यापीठाची आर्थिक तब्येत पाहा. फिलाडेल्फियाचं युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स जून २०२४ मध्ये जेमतेम आठवड्याच्या सूचनेवर बंद झालं. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातलं कॅब्रिनी विद्यापीठही मिटलं.

महाराष्ट्र सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर विसंबू नका. ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, शिवाय क्यूएस या जागतिक क्रमवारीत वरच्या विद्यापीठांची अट आहे. छोटी विद्यापीठं त्या यादीत सहसा नसतात.

मुलाला पुढे इथेच काम करायचं असेल, तर मी स्पष्ट सांगेन: पहिली पदवी इथेच करू द्या. तिकडे अमेरिकी कायदा शिकवतात. इथल्या कोर्टात १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहेत. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद नव्या संहितेत आहे, त्यामुळे या माणसांची गरज वाढणारच. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा कॅम्पस गोव्यात आहे, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत (टिस) क्रिमिनॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. पीएसआयच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते.

अमेरिका हवीच असेल, तर नंतर ३० ते ३६ क्रेडिटचं मास्टर्स करता येतं. त्यात चारऐवजी दीड-दोन वर्षांचाच राहण्या-खाण्याचा खर्च पडतो, आणि मूल एकवीस-बावीस वर्षांचं झालेलं असतं. दोन्हीपैकी काहीही ठरवा, पण जागा राखण्यासाठी डिपॉझिट पाठवण्याआधी एक गोष्ट विद्यापीठाकडून लेखी घ्या: व्हिसा नाकारला गेला, तर त्यातले किती डॉलर आणि किती दिवसांत परत मिळतील.