बालवाडीच्या पदवी टोप्या: घरबसल्या सीझनचा धंदा

फेब्रुवारी-मार्चमध्ये सीनियर केजीच्या निरोप समारंभाला काळ्या टोप्या लागतात. व्हिडिओत टोपी पाहिलीत, आता हिशोब.

माल: 22 बाय 28 इंचाचा जाड काळा कार्डशीट. एका शीटमधून 9 इंचाचे 6 चौकोन निघतात. दुसऱ्यातून 22 इंच लांब, 3 इंच रुंद अशा 9 पट्ट्या. म्हणजे 18 टोप्यांना 5 शीट.

कृती: पट्टीच्या एका कडेला दर इंचावर 1 इंच खोल काप द्या. पट्टी डोक्याच्या मापाने गोल चिकटवा (लहान मुलांचं डोकं साधारण 20 इंच). कापलेले तुकडे आत दुमडून चौकोनाच्या मधोमध चिकटवा. 4 इंची पुठ्ठ्यावर लोकर 30 वेळा गुंडाळून गोंडा करा. चौकोनाच्या मध्यावर भोक पाडून गोंड्याची दोरी ओवा, खालून गाठ, वर बटण. सोनेरी मार्करने मुलाचं नाव आणि वर्ष लिहा. पालक फोटो काढतात तो याचाच!

भाव: समजा, एका टोपीचा माल 10 रुपये. तासाला 5 टोप्या होतात आणि तुमची मजुरी तासाला 60, म्हणजे टोपीमागे 12. खराबी-पोचवणं 3. झाले 25. विका 35 ला.

शाळा म्हणेल, "20 ला द्या." मालाचे 10 सुटले म्हणून खूश होऊ नका, तुमची मजुरीच बुडतेय. नमुना दाखवा, निम्मा ॲडव्हान्स घ्या, मगच कात्री लावा.

गृहपाठ: आज एक टोपी करा, घड्याळ लावून!