पडद्यावरची रिकामी खाट
महामारी आणि डिजिटल आरोग्यसाधने : एक अभ्यास

कोविडची लाट ओसरून आता काही वर्षे लोटली. त्या काळात अ‍ॅप, पोर्टल, डॅशबोर्ड अशी अनेक साधने आपल्या हाती आली. त्यांनी नेमके काय साधले व काय साधले नाही, याचा विचार शांतपणे करण्याची हीच वेळ आहे, असे वाटल्यावरून हा लेख या अहवालात समाविष्ट केला आहे. आम्ही वैद्यकीय शाखेचे नव्हे, वाणिज्य शाखेचे. त्यामुळे या साधनांकडे आम्ही पाहतो ते रोजकीर्द आणि खतावणी यांच्या नजरेने. वाचकांनी ही मर्यादा समजून घ्यावी.

प्रारंभ आमच्याच चुकीपासून करणे उचित होईल. एप्रिल २०२१ मधील एका रात्री सिल्लोड तालुक्यातून एक कुटुंब आपल्या वडीलधाऱ्या रुग्णाला घेऊन आमच्या दारात आले. मुलाच्या मोबाइलवर आमच्या रुग्णालयात प्राणवायूची एक खाट रिकामी असल्याचे दिसत होते. प्रत्यक्षात ती खाट सायंकाळीच भरली होती. नोंद करणारा आमचा कर्मचारी दुपारी ताप आल्याने घरी गेला होता आणि त्याच्या जागी कोणी बसावयाचे, हे आम्ही ठरवलेच नव्हते. पडद्यावरची खाट दुपारची होती. दुःखाची गोष्ट ही की, ते कुटुंब वाटेतील दुसऱ्या एका रुग्णालयाकडे न थांबता आमच्याकडे आले होते. अपघात विभागात स्ट्रेचरवर सिलिंडर लावून रात्र काढली आणि पहाटे अन्यत्र सोय झाली. रुग्ण बरा होऊन घरी गेला. परंतु यात श्रेय परिचारिकांचे होते, आमच्या व्यवस्थेचे नव्हे.

या प्रसंगात संगणक बिघडला नव्हता, इंटरनेट बंद पडले नव्हते, अ‍ॅपमध्येही दोष नव्हता. नोंद शिळी होती, एवढेच.

हाच प्रश्न राज्याच्या पातळीवर केवढा मोठा होतो, याचे उदाहरण १६ जून २०२० या दिवशी महाराष्ट्राने पाहिले. त्या दिवशी राज्याच्या मृतांच्या आकड्यात पूर्वी न नोंदलेले १,३२८ मृत्यू एकदम मिळवण्यात आले. त्यांपैकी ८६२ एकट्या मुंबईतील होते. हे मृत्यू त्या दिवशी झालेले नव्हते, तर निरनिराळ्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्यावर ते हाती लागले होते. त्याची पार्श्वभूमी अशी. प्रयोगशाळा तपासणीचा निष्कर्ष भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पोर्टलवर भरीत असे, तर रुग्ण दाखल झाला, घरी गेला अथवा दगावला, याची नोंद रुग्णालयाने दुसऱ्या पोर्टलवर करावयाची असे. एकाच माणसाची दोनदा तपासणी झाली, नावाचे स्पेलिंग बदलले, पत्ता जुना दिला, की एका वहीतील माणूस दुसऱ्या वहीत सापडत नसे. बँकेचे पासबुक आणि आपली रोकडवही महिनाअखेरीस जुळत नाही, तेव्हा जे करावे लागते, तेच येथे करावे लागले. वाणिज्य शाखेत याला ताळमेळ पत्रक म्हणतात. फरक इतकाच, की येथे न जुळलेली प्रत्येक ओळ म्हणजे कोणाच्या तरी घरातले माणूस होते. हा ताळमेळ वरिष्ठ कार्यालयात नव्हे, रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर सुरू होतो, हे आम्हांस तेव्हा प्रथम उमगले.

दुसरा मुद्दा, साधन कोणाच्या हातात आहे याचा. २ एप्रिल २०२० रोजी आलेले आरोग्य सेतू हे ब्लूटूथच्या आधारे निकटसंपर्क टिपणारे अ‍ॅप स्मार्टफोनवाचून चालत नव्हते. पुढे साध्या फोनसाठी १९२१ या क्रमांकावर मिस्ड कॉल देण्याची सोय झाली. आमच्या मते ती अधिक मोलाची होती, जरी तिची जाहिरात फारशी झाली नाही. संपर्क टिपण्याची सुविधा पुढे बंदही करण्यात आली.

लसीकरणाच्या कोविन पोर्टलची कथा अधिक बोधप्रद आहे. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले आणि लगोलग तांत्रिक अडचणींमुळे महाराष्ट्रात ते दोन दिवस थांबवावे लागले. पुढे ही यंत्रणा स्थिरावली. १७ जुलै २०२२ पर्यंत देशात २०० कोटी मात्रांची नोंद झाली. इतक्या मोठ्या देशात प्रत्येक लाभार्थ्याला प्रमाणपत्र मिळावे, ही गोष्ट लहान नाही आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. परंतु मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटासाठी आधी ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. वेळेची खिडकी काही क्षणांत उघडून मिटत असे. ज्याचे बोट चपळ त्याला लस, अशी अवस्था झाली आणि शहरातील तरुण ग्रामीण केंद्रांवर जाऊन लस घेऊ लागले. गावातील शेतमजूर मात्र आपल्याच गावच्या केंद्राबाहेर उभा राहिला. २४ मेपासून शासकीय केंद्रांवर प्रत्यक्ष नोंदणीची मुभा मिळाली. ३१ मे रोजीच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही या डिजिटल दरीची दखल घेतली. पोर्टल मराठीतून वाचता येऊ लागले, ते त्याही नंतर.

आपल्या जिल्ह्याचा अनुभव तर सर्वांच्या स्मरणात असेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाचा औरंगाबाद जिल्हा लसीकरणात राज्याच्या मागे पडला, म्हणून जिल्हा प्रशासनाने लस घेतल्याचे प्रमाणपत्र असल्याविना पेट्रोल व रेशन न देण्याचे आदेश काढले. मागे किती आहोत, हे पडद्याने अचूक सांगितले. पण मागे का आहोत, हे त्याला सांगता येत नव्हते. कोणाला दुसऱ्या दिवशीच्या तापाने मजुरी बुडण्याची भीती होती, कोणाच्या घरी वयस्कर माणसाला केंद्रापर्यंत नेणारे कोणी नव्हते. ते कळले घरोघरी गेलेल्या आशाताईंना. त्याआधी १५ सप्टेंबर २०२० पासूनच्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेतही हाच क्रम होता : आधी उंबरठ्यावर माणूस, त्याच्या हाती तापमापी आणि ऑक्सिमीटर, आणि मग त्याची मोबाइलवर नोंद.

आपल्यासारख्या मर्यादित साधनांच्या इतर देशांकडे पाहिले, तरी हेच दिसते. २०१४ साली इबोलाच्या साथीत लायबेरियाने आरोग्य कर्मचाऱ्यांशी साध्या मोबाइलवरील लघुसंदेशांतून संपर्क ठेवला. श्रीलंकेने जानेवारी २०२० मध्ये परदेशातून येणाऱ्या प्रवाशांच्या नोंदीची व्यवस्था उभी केली, ती ओस्लो विद्यापीठात विकसित झालेल्या डीएचआयएस-२ या मोफत संगणकप्रणालीवर. तेथील आरोग्य खात्यातील माणसे ती प्रणाली आधीपासून वापरत होती, म्हणूनच हे इतक्या लवकर जमले. प्रणाली मोफत मिळते. ती चालवणारी शिकलेली माणसे मात्र साथ येण्यापूर्वीच तयार असावी लागतात.

दूरध्वनीवरून सल्ल्याविषयी थोडेसे. २५ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने त्यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या आणि एप्रिलमध्ये ई-संजीवनी ओपीडी सुरू झाली. आमच्याकडे मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या जुन्या रुग्णांना याचा चांगला उपयोग झाला. मात्र पुष्कळ रुग्ण चित्रफितीपेक्षा साध्या फोनवरच्या आवाजाला अधिक मोकळेपणाने उत्तर देत, हेही नमूद केले पाहिजे. आता आभा क्रमांकाच्या आधारे नोंदी जोडल्या जात आहेत. येथे एक गोष्ट रुग्णांच्या नातेवाइकांनी जाणून घ्यावी, की २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने रुग्णाच्या संमतीला महत्त्व दिले आहे. खिडकीवर अर्ज भरताना कोणती माहिती कशासाठी हवी, हे विचारण्यास संकोच करू नये.

त्या एप्रिलच्या रात्रीनंतर आम्ही दोन बदल केले. प्रत्येक पाळीस नोंदीची जबाबदारी एका नामनिर्देशित व्यक्तीवर असते आणि तिच्या अनुपस्थितीत कोण, हेही त्याच तक्त्यावर लिहिलेले असते. खाटांची स्थिती बदलताच कक्षातील सिस्टर आणि ती व्यक्ती दोघी मिळून नोंद करतात. पडद्यावर आकड्याशेजारी शेवटची नोंद किती वाजता झाली, हेही दिसते. शिवाय, एक दूरध्वनी क्रमांक चोवीस तास माणसाकडून उचलला जातो. यंत्राचा आवाज तेथे ऐकू येत नाही.

या व्यवस्थेस यंत्रसामग्रीचा खर्च फारसा नाही. खर्च आहे तो वेतनाचा. आमच्या देणगीदारांनी आजवर उदार हस्ते सोनोग्राफी यंत्रे, डायलिसिसची यंत्रे, रुग्णवाहिका दिल्या. त्या प्रत्येकावर दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी आम्ही आदराने लावली. नोंदणी लिपिकावर पाटी लावता येत नाही, ही आमची खरी अडचण आहे. म्हणून रात्रपाळीच्या दोन नोंदणी लिपिकांचे वेतन या वर्षापासून आस्थापना खर्चात न मिसळता 'नोंद व ताळमेळ' या स्वतंत्र सदराखाली दाखवले आहे. त्याचा तपशील जमाखर्चाच्या परिशिष्टात दिला असून नोंदींचे तक्ते कार्यालयीन वेळेत कोणाही हितचिंतकास पाहावयास मिळतील.