रूक्ष, शुष्क, खर : रुग्णाच्या ‘कोरडेपणा’चा अर्थ

दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपण सर्वांनी अभ्यासली आहे. परंतु प्रश्नाचे उत्तर रुग्ण आपल्या बोलीत देतो आणि वैद्य ते शास्त्राच्या परिभाषेत ऐकतो. या दोहोंमध्ये अर्थ निसटला की निदान चुकते. ‘कोरडेपणा’ हा असाच एक निसटणारा शब्द होय. मावळ व लोणावळा परिसरात तो कोणकोणत्या रूपांत कानी पडतो व त्याचा अर्थ कसा लावावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

शास्त्रातील भेद

गुर्वादी वीस गुणांत रूक्षाच्या विरुद्ध स्निग्ध, खराच्या विरुद्ध श्लक्ष्ण आणि विशदाच्या विरुद्ध पिच्छिल असा क्रम आहे. चरकाचार्यांनी वायूच्या गुणांत रूक्ष, खर व विशद हे तिन्ही गणले आहेत. ‘शुष्क’ मात्र या विसांत नाही. त्याच्या विरुद्ध आर्द्र. सारांश, स्नेह गेला की रूक्षता, ओल गेली की शुष्कता आणि स्पर्श खडबडीत झाला की खरता. तिन्ही बहुधा एकत्र आढळतात, म्हणून आपण त्यांना एकच मानू लागतो. पण तळलेला पापड शुष्क असूनही स्निग्ध असतो. उलट दिवसभर पाण्यात राबणारा हात ओला असूनही रूक्ष होतो. ‘शोष’ हा शब्द तर मुखशोषापासून धातुशोषापर्यंत पोहोचतो. तेथे केवळ बाह्य स्नेहाने भागत नाही.

बोलीतील व्यवहार

मराठीतील ‘कोरडा’ हा शब्द ओल्याचाही अभाव सांगतो व ओशटाचाही. कोरडा खोकला म्हणजे कफ न सुटणारा. कोरडी भाकरी म्हणजे कालवणावाचून. कोरडी त्वचा म्हणजे स्नेह नसलेली. आपल्या ग्रामीण भागात भाकरीसोबतच्या कालवणालाच ‘कोरड्यास’ म्हणतात. ‘चार दिस कोरड्यास नव्हतं’ असे एखादी आजी सांगते, तेव्हा शहरात वाढलेला नवा वैद्य नेमका उलटा अर्थ घेतो. वस्तुतः भाकरी नुसत्या चटणीवर खाल्ली, असे ती सांगत असते. मलावष्टंभाच्या रुग्णात रूक्षाशनाचा हेतू या एका वाक्यात हाती लागतो.

‘ओठ उलले’, ‘केस राठ झाले’, ‘नख ओढलं की पांढरी रेघ उठते’ ही वर्णने रूक्ष-खर गुणांची होत. ‘घशाला कोरड पडते’, ‘शोष पडतो’ यांत मात्र तृष्णेचा विचार प्रथम करावा.

‘पाय फुटले’ : एक अनुभव

लोणावळ्यास वर्षाकाठी सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडतो. भातलावणीच्या दिवसांत बाया दिवसच्या दिवस चिखलात उभ्या असतात. व्यवसायाच्या आरंभीच्या काळात, आषाढातील गर्दीच्या एका दिवशी, नाणे मावळातील एक भगिनी ‘पाय फुटलेत’ म्हणून आल्या. आम्ही पाय न पाहताच भेगांवरील स्निग्ध मलम दिले. आठ दिवसांनी त्या लंगडत आल्या. बोटांच्या बेचक्यांतील त्वचा पांढरी पडून सोलली होती, पाऊल सुजले होते. त्या भेगा नव्हत्या, चिखल्या होत्या. त्यांचा लावणीचा रोज बुडाला आणि तो आमच्या आळसामुळे बुडाला.

सुश्रुताचार्यांनी क्षुद्ररोगांत हे दोन्ही व्याधी वेगवेगळे सांगितले आहेत. पाददारीत फार चालणाऱ्याच्या रूक्ष पायांना वायू भेगा पाडतो. अलसात दूषित चिखलाच्या स्पर्शाने बोटांच्या सांध्यांत क्लेद, कंडू व दाह होतो. पहिल्यास स्नेहन-स्वेदन आणि मेण, राळ, तूप यांचा लेप. दुसऱ्यास कांजीचे सिंचन आणि निंब-कासीसादींचा लेप. बोलीत मात्र दोघांना शब्द एकच, ‘फुटणे’. घरगुती उपचारांतही लोकांनी हा भेद राखला आहे : माघातील भेगांना आमसुलाचे तेल, आषाढातील चिखल्यांना मेंदीचा पाला. आम्ही त्या भगिनीला केवळ ‘फुटलेत म्हणजे कसे?’ एवढे विचारले असते, तरी पुरते.

औषधालयचालकांसाठी

‘कोरडेपणावर काही तरी द्या’ अशी मागणी प्रथम आपल्याकडेच येते. तूप, तेल वा मलम हाती देण्यापूर्वी पुढील गोष्टी विचाराव्यात, ही विनंती.

१. कोरडेपणा कोठे व कोणत्या ऋतूत? जागा ओलसर असून खाज वा दाह असल्यास स्निग्ध मलम देऊ नये.
२. तोंडाला कोरड असल्यास तहान फार लागते काय, रात्री लघवीस वारंवार उठावे लागते काय? तसे असल्यास रक्तशर्करा तपासण्यास पाठवावे. अन्य कोणती औषधे चालू आहेत, तेही विचारावे. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडे पडते.
३. कोरडा खोकला दोन आठवडे टिकला असल्यास अवलेह देऊन वेळ काढू नये. क्षयरोगाची तपासणी करून घेण्यास सांगावे.
४. मधुमेही रुग्णाच्या पायाला भेग वा चिखल्या असल्यास पाय पाहिल्यावाचून औषध देऊ नये, वैद्याकडे धाडावे.

रुग्णाला शब्द एकच ठाऊक असतो, त्यात त्याचा दोष नाही. त्या शब्दामागे स्नेह गेला, ओल गेली की धातू क्षीण झाला, हे ओळखणे आपले काम. त्यासाठी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो आणि खाली वाकून पाय पाहावा लागतो. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.