फिरतीचा डबा : शिजवण्याची वेळ आणि खाण्याची वेळ

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत नोकरीनिमित्त रोज फिरणाऱ्यांना आहाराविषयी जे सल्ले मिळतात, ते बहुतेक पदार्थांच्या गुणधर्मांविषयी असतात. तो पदार्थ चुलीवरून केव्हा उतरला आणि खाणाऱ्याच्या तोंडी केव्हा लागला, याची चौकशी त्यांत सहसा नसते. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, ठिबक सिंचनाचे तंत्रज्ञ, बँकांचे वसुली अधिकारी अशी माणसे दिवस उजाडताच साताऱ्यातून निघतात आणि उंब्रज, कराड, पेठनाका, आष्टा येथील कामे उरकत दुपारी सांगली-मिरजेत पोहोचतात. शेंद्रे ते कागल या पट्ट्यातील सहापदरीकरणामुळे वाहतूक सतत वळवली जाते, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगा लागतात, आणि मिरजेतील डॉक्टर रुग्णांची गर्दी ओसरल्याखेरीज प्रतिनिधीला आत बोलावत नाहीत. त्यामुळे पहाटे भरलेला डबा दुपारी तीनच्या आत उघडला गेला, तर तो दिवस चांगला म्हणायचा.

प्रस्तुत लेखकाने अशाच फिरतीच्या नोकरीत असताना साताऱ्यातील एका पुरवठादाराकडे डबा लावला होता, म्हणजे महिन्याचे पैसे आगाऊ भरून रोजचे जेवण ठरवून घेतले होते. ‘घरगुती, पौष्टिक, कमी तेलाचे’ अशी त्याची जाहिरात होती आणि दर नेहमीच्या खानावळीपेक्षा बराच चढा होता. पोट बिघडण्याचे, विशेषतः जेवणानंतर काही तासांतच उलट्या होण्याचे प्रकार वारंवार घडू लागले, तेव्हा त्याविषयी विचारणा केली असता प्रत्येक वेळी वेगळे कारण मिळाले: कधी टपरीवरचे पाणी, कधी ऊन, तर कधी गाडीचे हादरे.

कारणाचा उलगडा त्या स्वयंपाकघरातच झाला. पोहोचवणाऱ्या मुलाची वाट न पाहता डबा स्वतः आणण्याची वेळ एका पहाटे आली, तेव्हा मोठ्या पातेल्यातला भात ओट्यावर पालथा केलेला दिसला. त्याचा पातेल्याच्या आकाराचा घट्ट गोळा झाला होता. एक बाई त्याचे गठ्ठे हाताने फोडत होत्या, त्यावर पाण्याचा हबका मारला जात होता आणि तो चाळणीत घालून वाफेवर ठेवला जात होता. वाफ येताच तोच भात डब्याच्या खालच्या पुडात भरला गेला आणि वर गरम आमटीचे पूड चढले, म्हणून डबा हातात घेणाऱ्याला तो ताजा वाटत असे. विचारल्यावर पुरवठादार जराही अडखळला नाही. ‘साहेब, रातचा भात मोकळा राहतो, आणि वाफ दिली की जंतू मरतात. बाकी कुणाची काय तक्रार नाही. तुमचंच पोट नाजूक दिसतंय,’ असे त्याचे उत्तर होते. ते ऐकून तेथे उभी असलेली दोन-तीन गिऱ्हाईके हसली, हेही येथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण तोच भात त्यांच्याही डब्यांत जात होता.

त्या उत्तरातील दुसरा भाग शास्त्रीय दृष्ट्या साफ चुकीचा आहे. तांदळात ‘बॅसिलस सिरिअस’ या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे प्रतिकूल स्थितीत तग धरणारी त्याची सुप्त रूपे, असू शकतात आणि ती भात शिजवताना पूर्णपणे मरत नाहीत. शिजलेला भात रात्रभर उबदार हवेत राहिला की हे बीजाणू रुजतात, जिवाणूंची संख्या वाढते आणि त्यांपैकी काही वाण उलटी घडवणारे विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही; भात पुन्हा वाफवला किंवा उकळला तरी ते टिकून राहते. असा भात खाल्ल्यावर साधारणतः अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत उलट्या सुरू होतात. लेखकाच्या त्रासाची वेळ याच मर्यादेत बसत होती. पोटाच्या नाजूकपणाने तिचा खुलासा होत नाही. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक काळ सामान्य तापमानात ठेवू नये, आणि गरम ठेवायचे असल्यास ते साठ अंश सेल्सिअसच्या वर ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या उन्हात उभ्या असलेल्या दुचाकीच्या डिकीत ओलसर डबा ठेवणे म्हणजे जिवाणूंना वाढीची सोय करून देणे होय.

या भागाच्या जुन्या खाद्यव्यवहारात या अडचणीचे उत्तर बऱ्याच अंशी होते. माण, खटाव, जत, आटपाडी या कोरडवाहू तालुक्यांत शेतावर जाणारी शिदोरी ज्वारी-बाजरीच्या भाकरीची, शेंगदाण्याच्या चटणीची आणि अख्ख्या कांद्याची असे. लांबच्या प्रवासाला दशमी, म्हणजे दुधात पीठ मळून केलेली भाकरी, दिली जाई. कमी ओलावा हे या टिकाऊपणाचे मुख्य कारण आहे, आणि सोबत मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ किंवा घट्ट झुणका असेल तर प्रथिनांचीही सोय होते. अशा जेवणाला ‘गावठी’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आणि चढ्या दराने ‘पौष्टिक’ भात विकणाऱ्यांनी हे समजून घ्यायला हवे होते.

घरून डबा नेणाऱ्याने भाकरी कापडावर पूर्ण निववून मगच गुंडाळावी, कारण गरम भाकरी बंद केल्यास वाफेचे पाणी सुटून ती चिकट होते आणि लवकर आंबते. गुंडाळण्यासाठी सुती फडके घ्यावे. वर्तमानपत्राच्या शाईतील घातक द्रव्ये अन्नात उतरतात आणि अन्नपदार्थांच्या वेष्टनासाठीच्या 2018 च्या नियमांनी त्याचा वापर निषिद्ध ठरवला आहे. काकडी, गाजर, टोमॅटो चिरून नेऊ नयेत. ते धुऊन अख्खे न्यावेत आणि सोबत लहान सुरी ठेवावी. आमटी न्यायचीच असेल तर उष्णतारोधक भांड्यात आधी उकळते पाणी दहा मिनिटे भरून ठेवावे, ते ओतून द्यावे आणि लगेच उकळती आमटी भरावी. कोमट आमटी अशा भांड्यात भरणे हे साध्या डब्यात नेण्याहून वाईट, कारण ते भांडे तिला तासन् तास कोमटच ठेवते. भात मात्र उन्हाळ्यात डब्यात नसावा. मधल्या भुकेसाठी तासगावचा बेदाणा आणि भाजलेले शेंगदाणे पुरतात. कडवट किंवा खवट लागणारे शेंगदाणे टाकून द्यावेत, कारण बुरशीपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष भाजल्यानेही पूर्णपणे जात नाही. पाणी पुरेसे प्यावे आणि धावत्या गाडीत जेवू नये. ढाब्यावर स्वतःचा डबा उघडायचा असल्यास आधी ताक मागवून परवानगी घ्यावी. ती न मिळाल्यास वाद घालण्यात अर्थ नाही, पुढचा ढाबा गाठावा.

डबा लावणाऱ्याने भाज्यांची यादी विचारण्याआधी ‘भात किती वाजता शिजतो’ हे विचारावे आणि एकदा तरी पहाटे न कळवता स्वयंपाकघर पाहावे. अन्नसुरक्षा व मानके कायदा, 2006 खाली लहान अन्न व्यावसायिकालाही नोंदणी करावी लागते आणि तिचा 14 अंकी क्रमांक 2022 पासून पावतीवर छापणे बंधनकारक आहे. त्रास झाल्यास उरलेले अन्न झाकून शीतकपाटात ठेवावे, खाल्ल्याची आणि त्रास सुरू झाल्याची वेळ लिहून घ्यावी, पैसे दिल्याचा पुरावा जपावा आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. लेखकाने उरलेल्या दिवसांचे पैसे परत मागितले, तेव्हा ‘एकदा भरलेले पैसे परत मिळत नाहीत’ असे सांगण्यात आले. पावती मागितली, तेव्हा ‘घरगुती डब्याला कसली पावती’ असा प्रतिप्रश्न झाला. हे दुसरे उत्तर जेथे मिळेल, तेथे महिन्याची रक्कम आगाऊ भरू नये.