बंद पडलेले अ‍ॅप आणि उघडा ग्रंथ



प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी प्रवचनानंतर आम्ही एक सूचना केली होती, ती आपल्याला आठवत असेल. मराठीतून बायबलचा अभ्यास करता यावा म्हणून एक नवे अ‍ॅप तयार होत आहे. ते अजून चाचणीच्या अवस्थेत, म्हणजे ‘बीटा’ आहे, पण आपल्या धर्मग्रामाला ते वापरून पाहण्याचे आमंत्रण मिळाले आहे, असे आम्ही सांगितले. रोज एक उतारा, त्याचे सोपे स्पष्टीकरण, विचार करायला दोन प्रश्न आणि उतारा ऐकण्याचीही सोय. चाळीस दिवस आपण सर्वांनी हा अभ्यास एकत्र करावा, असा आमचा बेत होता.

पुढे काय झाले ते आपण जाणताच. काहींच्या मोबाइलवर लिंक उघडलीच नाही. काहींना चाचणीच्या जागा भरल्याचा निरोप आला. ज्यांना अ‍ॅप मिळाले, त्यांच्यापैकी काहींचे एके सकाळी ‘मुदत संपली’ असे सांगून बंद पडले आणि त्यात लिहिलेली टिपणेही दिसेनाशी झाली. लूकच्या पंधराव्या अध्यायावरची आमची टिपणे अशीच गेली. एक आजी नातवाचा मोबाइल घेऊन मिस्सानंतर सॅक्रिस्टीच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “फादर, बायबल वाचायला पण आता आमंत्रण लागतं का?” आम्ही हसलो खरे, पण तो प्रश्न मनात रुतून बसला.

आमची टिपणे गेली त्या रात्री आम्ही दीड तास मोबाइलशी झटापट केली. पासवर्ड बदलला, अ‍ॅप काढून पुन्हा घातले, ज्यांनी ते तयार केले त्यांना जरा तिखट शब्दांत ईमेलही पाठवला. झोपायला जाताना लक्षात आले, की टेबलावर बायबल उघडेच होते आणि त्या दीड तासात आम्ही त्यातील एक ओळही वाचली नव्हती. आजचा हा पाठ त्या रात्रीतून निघाला आहे.

बीटा म्हणजे काय?

आधी न्यायाची गोष्ट. अल्फा आणि बीटा ही ग्रीक वर्णमालेतील पहिली दोन अक्षरे. नवा प्रोग्राम आधी बनवणारेच आपापसांत तपासतात, ती अल्फा चाचणी. मग तो बाहेरच्या लोकांच्या हाती देतात, ती बीटा चाचणी. तो पूर्ण झालेला नसतो. चुका सापडाव्यात म्हणूनच तो दिलेला असतो. आयफोनसाठी चाचणीला दिलेली आवृत्ती जास्तीत जास्त 90 दिवस चालते, मग आपोआप बंद होते. अँड्रॉइड मोबाइलवर ज्या गूगल खात्याला आमंत्रण असते, तेच खाते मोबाइलमध्ये असावे लागते. घरात एकाच मोबाइलवर दोघातिघांची खाती असली, की घोटाळा होतो. म्हणजे आपल्याला आलेल्या अडचणींपैकी बऱ्याच नियमानुसारच आल्या होत्या. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. चूक आमची होती. ज्या गोष्टीची अजून परीक्षा चालू आहे, तिच्या भरवशावर आम्ही सगळ्या धर्मग्रामाचा प्रायश्चित्तकाळ बांधला. त्याबद्दल आम्ही आपली मनापासून क्षमा मागतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हायडेगर या जर्मन विचारवंताचा एक मुद्दा आम्ही वाचला होता. 1927 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने हातोडीचे उदाहरण घेतले आहे. हातोडी नीट चालते तोवर सुताराचे लक्ष कामाकडे असते, हातोडीकडे नसते. ती मोडली, की मग ती डोळ्यांत भरते. आमचे तसेच झाले. अ‍ॅप मोडले आणि मग आम्हाला दिसले, की आमचे सगळे लक्ष साधनाला चिकटले आहे. साधन हाती नव्हते म्हणून आम्ही चिडलो, पण साध्य हाताशी असून आम्ही त्याला स्पर्श केला नाही.

रथातला वाचक

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 8 काढून पाहा. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार यरुशलेमहून परत निघाला आहे. रथात बसून तो यशया संदेष्ट्याचा ग्रंथ मोठ्याने वाचतो आहे. त्या काळी असा ग्रंथ हाताने लिहिलेला आणि फार महाग असे. म्हणजे आपण ज्याला ‘उपलब्धता’ म्हणतो, ती या माणसाला पुरेपूर मिळाली होती. तरीही फिलिपने त्याला वाचलेले समजते का, असे विचारले, तेव्हा तो सरळ सांगतो, की कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजणार? मग तो फिलिपला रथात शेजारी बसवून घेतो.

येथे दोन गोष्टी नीट पाहू या. ग्रंथ हाती येणे ही पहिली पायरी. ती आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. दुसरी गोष्ट, फिलिपने लांबून स्पष्टीकरण पाठवले नाही. तो धावत गेला, रथात चढला आणि त्या माणसाच्या प्रश्नापासून त्याने सुरुवात केली. चांगले अ‍ॅप ग्रंथ देईल, स्पष्टीकरणही देईल. पण शेजारी बसण्याचे काम माणसालाच करावे लागते.

नहेम्याच्या आठव्या अध्यायातही हेच दिसते. पाणीवेशीसमोरच्या चौकात एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. पुरुष, स्त्रिया, समजण्याइतकी मोठी मुले, सगळे उभे राहून ऐकतात. लेवी त्यांना अर्थ समजावून देतात. लोक ऐकून रडू लागतात. तेथे ग्रंथ एकच होता, पण ऐकणारे सगळे एकत्र होते. आपल्याकडे आज घरटी दोन-तीन मोबाइल आहेत. एकत्र ऐकणे मात्र कमी झाले आहे.

शब्द मराठीत कसा आला

याचा अर्थ अ‍ॅप नको, असा कोणी घेऊ नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 18 नोव्हेंबर 1965 रोजी दैवी प्रकटीकरणाविषयीचा दस्तऐवज दिला. सर्व श्रद्धावंतांना पवित्र शास्त्र सहज मिळाले पाहिजे, असे त्याच्या 22 व्या परिच्छेदात स्पष्ट म्हटले आहे. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही, जे रात्रपाळी करतात, जे लोकलमध्ये उभ्याने प्रवास करतात, जे आखातात नोकरीला आहेत, त्यांच्यासाठी मोबाइलवरचे मराठी बायबल हे मोठे वरदान आहे.

पण आपल्या भाषेत देवाचा शब्द घाईने आला नाही. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले. त्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूर येथे छापले गेले. मधली सदतीस वर्षे ते आपल्या लोकांची भाषा शिकत होते, बोलत होते. पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या, पण त्यांचे ऋण आपणही मानले पाहिजे. मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांचे संपूर्ण बायबल 1924 साली प्रसिद्ध झाले. छापलेला ग्रंथ त्यांनी पाहिला नाही. आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ 2010 साली आले, तेही दीर्घ परिश्रमांनंतर. आज आपण तेच बायबल सहज हाती घेतो. त्यामागे किती जणांनी किती काळ कच्चे खर्डे वाचले आणि चुका दुरुस्त केल्या, याची आठवण ठेवली, तर तीन आठवडे बंद पडलेल्या अ‍ॅपवर आमच्यासारखे कोणी इतके चिडणार नाही.

आता काय करू या?

1. ज्यांच्याकडे अ‍ॅप चालू आहे, त्यांनी चूक दिसली की ती कळवावी. ‘चालत नाही’ एवढे लिहून उपयोग नाही. मोबाइल कोणता, आपण काय केले आणि पडद्यावर काय आले, हे लिहावे. शक्य असल्यास पडद्याचा फोटो जोडावा. हीसुद्धा शब्दाची सेवा आहे.

2. टिपणे साध्या वहीत लिहावीत. वहीची मुदत संपत नाही.

3. प्रत्येक समूहात चार-पाच जणांनी आठवड्यातून एकदा येणाऱ्या रविवारचे शुभवर्तमान एकत्र वाचावे. बाराव्या शतकातील कार्थुसियन संन्यासी गीगो यांनी सांगितलेल्या चार पायऱ्या पुरेशा आहेत: वाचन, मनन, प्रार्थना आणि शांतपणे देवासमोर राहणे. अर्ध्या तासात हे होते.

4. शेजारी कोणाला वाचता येत नसेल किंवा दिसत नसेल, तर तरुणांनी जाऊन दहा मिनिटे वाचून दाखवावे. फिलिपसारखे शेजारी बसावे.

घरी बोलण्यासाठी दोन प्रश्न: गेल्या आठवड्यात आपल्या घरातले बायबल किती वेळा उघडले? आणि आपण कोणाच्या रथात चढून बसू शकतो?

आता त्या आजींच्या प्रश्नाचे उत्तर. होय आजी, आमंत्रण लागते. पण ते तुम्हाला बाप्तिस्म्याच्या दिवशीच मिळाले आहे. त्याच्या जागा भरत नाहीत आणि त्याची मुदतही संपत नाही. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी आम्ही तुमच्या समूहात येत आहोत. लूकचा पंधरावा अध्याय पुन्हा पहिल्यापासून वाचू. या वेळी मोबाइल नाही, तुमच्या घरातलेच बायबल घेऊन.

प्रभू आपणा सर्वांना त्याचा शब्द ऐकणारे कान आणि धीर धरणारे मन देवो. आमेन.