साभार परत : कथालेखक आणि मासिकाचा नकार

मासिकाकडे पाठविलेली कथा परत येणे ही लेखकाच्या आयुष्यातील अपवादात्मक घटना नव्हे. लेखनाच्या व्यवसायातील ती नित्याची बाब आहे. मराठीत तिला ‘साभार परत’ असे सभ्य नाव आहे. बंगालीत अशा लेखनाला ‘अमनोनीत’ म्हणतात. अमनोनीत म्हणजे न निवडलेले. कथा वाईट आहे असा निर्णय या शब्दात नाही. ती निवडली गेली नाही, एवढेच तो सांगतो. परंतु परत आलेले पाकीट हाती घेणारा नवोदित लेखक त्या एका शब्दात बरेच काही वाचतो. आपल्याला लिहिता येत नाही, आपल्याला काही सांगण्यासारखे नाही, आपला जन्मच या कामासाठी नाही, अशा निष्कर्षांपर्यंत तो क्षणात जाऊन पोहोचतो. नकाराचे नेमके स्वरूप कोणते, आणि त्याला लेखकाने कसे सामोरे जावे, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

या विचारासाठी कोलकात्याइतके योग्य शहर क्वचितच सापडेल. बंगाली कथा वाढली ती मुख्यत्वे नियतकालिकांच्या पानांवर. रवींद्रनाथांच्या आरंभीच्या कथा १८९१ साली ‘हितवादी’ साप्ताहिकात आणि त्यानंतर ‘साधना’ मासिकात प्रसिद्ध झाल्या. पुढे अलाहाबादेत १९०१ साली सुरू होऊन नंतर कोलकात्यात आलेले ‘प्रवासी’, १९१३ सालचे ‘भारतवर्ष’, १९२३ सालचे ‘कल्लोल’, १९२७ सालचे ‘विचित्रा’, १९३३ सालचे ‘देश’ अशी ही परंपरा वाढत गेली. आपल्याकडे दिवाळी अंकांना जे स्थान आहे, तेच तिकडे दुर्गापूजेच्या शारदीय अंकांना आहे. अशा शहरात मासिकाचे दार हेच लेखकाचे दार होते, आणि त्या दाराशी ज्यांना थांबावे लागले त्यांत पुढे मोठे झालेले अनेक लेखक आहेत.

नकार एकच नसतो

लेखकाच्या हाती येणारे पाकीट एकाच प्रकारचे दिसत असले तरी त्यामागची कारणे भिन्न असतात. ढोबळमानाने त्यांचे तीन प्रकार करता येतील. पहिला, कथा वाचलीच गेलेली नसते. दुसरा, कथा वाचली गेलेली असते, पण ती त्या मासिकाच्या प्रकृतीला मानवणारी नसते. तिसरा, कथा खरोखरच अपुरी असते. या तिन्ही प्रसंगी लेखकाने करावयाचे काम वेगवेगळे आहे. न वाचलेल्या कथेत दुरुस्त्या करीत बसणे जितके व्यर्थ, तितकेच अपुरी कथा जशीच्या तशी दहा ठिकाणी फिरविणे व्यर्थ. म्हणून नकार पचविण्याची पहिली पायरी म्हणजे तो ओळखणे.

न वाचलेली कथा

ताराशंकर बंद्योपाध्याय यांचा जन्म १८९८ साली बीरभूम जिल्ह्यातील लाभपूर येथे झाला. कथाकार म्हणून नाव होण्यापूर्वी त्यांनी ‘मराठा तर्पण’ नावाचे नाटक लिहिले होते. मराठी वाचकाला विशेष वाटावे असा त्याचा विषय होता, पानिपत. गावी त्याचा प्रयोगही झाला. तेव्हा एका नातेवाइकाच्या मार्फत ते कोलकात्यातील एका नाट्यसंस्थेकडे देण्यात आले. तेथून ते न वाचताच परत आले. दुखावलेल्या ताराशंकरांनी हस्तलिखित अग्नीच्या स्वाधीन केले.

काही काळाने त्यांनी ‘रसकली’ ही कथा कोलकात्याच्या एका प्रतिष्ठित मासिकाकडे पाठविली. महिने गेले. उत्तरासाठी जोडकार्डे पाठविली, तरी निश्चित असे काही कळेना. अखेर ते स्वतः कचेरीत गेले, तेव्हा कथा अद्याप वाचलीच गेलेली नाही असे त्यांना आढळले. ती परत घेऊन ते गावी आले. पुढे ‘कल्लोल’चा अंक पाहण्यात आला आणि त्यांनी तीच कथा तिकडे पाठविली. तेथून लवकरच स्वीकृतीचे आपुलकीचे पत्र आले, आणि १९२८ साली ‘रसकली’ प्रसिद्ध झाली. याच लेखकाला ‘गणदेवता’ कादंबरीसाठी १९६६ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला.

एकाच माणसाने एकाच प्रकारच्या नकाराला दिलेली ही दोन उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत. दोन्ही वेळा लेखन वाचले गेले नव्हते. म्हणजे त्याच्या गुणदोषांविषयी कोणीही काही म्हटलेले नव्हते. पहिल्या वेळी लेखकाने न दिलेला निकाल स्वतःच दिला आणि शिक्षाही स्वतःच अमलात आणली. दुसऱ्या वेळी त्याने केवळ पाकिटावरचा पत्ता बदलला. नाटक कसे होते हे आज कोणालाही सांगता येणार नाही. कथा मात्र राहिली.

न मानवलेली कथा

दुसऱ्या प्रकारच्या नकारात वाचन झालेले असते आणि मतही बनलेले असते, पण ते मत मासिकाच्या गरजेपुरते खरे असते. मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे मराठी वाचकांच्या घरातले झालेले शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांचे उदाहरण येथे घेता येईल. ते कथेचे नसून कादंबरीचे आहे, पण तत्त्व तेच आहे.

१९१२ साली रंगूनच्या घराला लागलेल्या आगीत ‘चरित्रहीन’चे हस्तलिखित जळाले. शरच्चंद्रांनी ती कादंबरी नव्याने लिहावयास घेतली. ‘भारतवर्ष’ मासिक निघण्याच्या सुमारास तिचा मजकूर त्याच्या चालकांपुढे ठेवला गेला. मेसमधील मोलकरणीला नायिका करणारी ही कादंबरी त्यांना अनीतिमान वाटली आणि त्यांनी ती नाकारली. ‘यमुना’ नावाच्या लहान मासिकाने मात्र ती १९१३ साली क्रमशः छापण्यास सुरुवात केली. १९१७ साली ती ग्रंथरूपाने आली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ज्या ‘भारतवर्ष’ने ‘चरित्रहीन’ नाकारली, त्याच मासिकाने पहिल्याच वर्षात शरच्चंद्रांची ‘विराजबहू’ छापली. नकार लेखकाला नव्हता, एका लेखनाला होता. शरच्चंद्रांनी कादंबरी सोडली नाही, तिची नायिका बदलली नाही, आणि मासिकाशी संबंधही तोडला नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र साधणे कठीण असते. पण त्यात नकाराला द्यावयाचे जवळजवळ संपूर्ण उत्तर आले आहे.

अपुरी कथा

तिसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि तो मान्य करणे सर्वांत अवघड जाते. कथेला सुरुवात उशिरा होते, शेवट ओढून आणलेला असतो, पात्रे लेखकाची मते बोलून दाखवितात. असे दोष संपादकाला दोनचार पानांत दिसतात. ते लिहून कळविण्याइतका वेळ त्याच्यापाशी बहुधा नसतो. मराठीत ‘सत्यकथे’चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे लेखकांशी सविस्तर पत्रव्यवहार करून कथा पुन्हा लिहवून घेत. अशी पत्रे म्हणजे नकार नसून निमंत्रण असते. ज्या पाकिटात सूचनेची एक ओळही आली असेल, ते पाकीट जपून ठेवावे.

बहुतेक वेळा मात्र ती ओळ येत नाही, आणि लेखकाला पुढची कथा अधिक चांगली लिहिण्यावाचून मार्ग उरत नाही. शीर्षेंदु मुखोपाध्याय यांच्या पहिल्या दोन कथा ‘देश’कडून परत आल्या. तिसरीही परत आली तर लेखन सोडून द्यावयाचे, असे त्या वेळी विशीत असलेल्या या लेखकाने ठरविले होते. ‘जलतरंग’ ही तिसरी कथा १९५९ साली ‘देश’मध्ये आली. १९६७ साली त्यांची ‘घुणपोका’ ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली आणि ‘मानवजमीन’साठी १९८९ साली त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

हे उदाहरण चिकाटीचे म्हणून सांगितले जाते, पण त्यात एक धोक्याची सूचनाही आहे. तिसरे पाकीट परत आले असते तर काय झाले असते? अंकात जागा नव्हती, किंवा त्याच विषयावरची दुसरी कथा आधीच घेतलेली होती, अशा क्षुल्लक कारणानेही ते परत येऊ शकले असते. आपण लिहावयाचे की नाही, हा निर्णय पुढच्या टपालावर सोपवू नये. तो प्रश्न संपादकाला विचारलेला नसतो, आणि त्याचे उत्तर देण्याचा अधिकारही त्याच्याकडे नसतो.

ओळखीचा समज

वारंवार नकार आले की एक स्पष्टीकरण सहज हाताशी येते : ओळख असल्याशिवाय कोणी छापीत नाही. १९२८ साली कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांत याच मुद्द्यावर वाद झाला. गणिताचा विद्यार्थी असलेल्या प्रबोधकुमार बंद्योपाध्याय यांनी पैज लावली की, कथा चांगली असेल तर अनोळखी लेखकाचीही छापली जाईल. त्यांनी ‘अतसी मामी’ ही कथा लिहून ‘विचित्रा’कडे दिली. खरे नाव पुढच्या गंभीर लेखनासाठी राखून ठेवावे म्हणून खाली घरातील टोपणनाव घातले : माणिक. कथा त्या वर्षअखेरीस छापून आली. संपादक उपेंद्रनाथ गंगोपाध्याय स्वतः मानधन घेऊन आले आणि त्यांनी दुसरी कथा मागितली. माणिक बंद्योपाध्याय हेच नाव पुढे बंगाली साहित्यात कायम झाले.

या पैजेवरून सर्वच संपादक निःपक्षपाती असतात असे सिद्ध होत नाही. ओळखीचे वजन कोठे ना कोठे पडतच असते. परंतु ते स्पष्टीकरण एकदा स्वीकारले की लेखक आपल्या कथेकडे पाहणे सोडून देतो, आणि हे नुकसान नकारापेक्षा मोठे असते. दुसरीही एक गोष्ट येथे नोंदवावी. पहिलीच कथा स्वीकारली गेलेले माणिकबाबू लेखनासाठी शिक्षण अर्धवट सोडून बसले. आजार आणि दारिद्र्य यांनी त्यांना अखेरपर्यंत ग्रासले, आणि १९५६ साली, पन्नाशीही गाठण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. स्वीकृती म्हणजे सुरक्षितता नव्हे. उपजीविकेचा प्रश्न वेगळा ठेवता आला तर नकाराचा घावही कमी खोल बसतो.

न पाठविलेली कथा

नकार टाळण्याचा एक हमखास उपाय आहे, तो म्हणजे लेखन कोठेच न पाठविणे. कवी म्हणून प्रसिद्ध असलेल्या जीवनानंद दास यांनी अनेक कथा आणि कादंबऱ्या लिहिल्या, पण त्यांतील बहुतेक त्यांच्या हयातीत प्रकाशात आल्या नाहीत. १९५४ साली कोलकात्यात ट्रामच्या अपघातानंतर त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर ही हस्तलिखिते हळूहळू बाहेर आली. वाचकांना त्या लाभल्या हे खरे, पण लेखकाला त्यांचा एकही वाचक भेटला नाही.

स्वतःची वाट

काही वेळा एखाद्या लेखकाला कोणतेच मासिक मानवत नाही. तेव्हा नवे मासिक निघते. ‘कल्लोल’ असेच तरुणांनी काढलेले होते. ते काही वर्षांतच बंद पडले, पण बंगाली साहित्याच्या एका कालखंडाला त्याचे नाव मिळाले. मुंबईत १९६९ साली काही तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’ची होळी केली. त्या ज्वाळांपेक्षा टिकाऊ ठरली ती त्या पिढीने काढलेली अनियतकालिके. अशा लहान मासिकांना कोणी जपत नाही, ही खंत कोलकात्याच्या संदीप दत्त यांनी दूर केली. १९७८ साली कॉलेज स्ट्रीटजवळच्या टेमर लेनमधील आपल्या घरात त्यांनी लिट्ल मॅगझिनचे ग्रंथालय उघडले आणि २०२३ साली मृत्यू येईपर्यंत ते सांभाळले. मोठ्या मासिकाचे दार बंद झाल्याने लेखनाचा मार्ग बंद होत नाही, याची तेथील कपाटे साक्ष देतात.

व्यवहाराचे काही नियम

वरील विवेचनातून काही साधे नियम निघतात. कथेची प्रत नेहमी स्वतःजवळ ठेवावी. ज्या मासिकाकडे पाठवावयाची त्याचे चारसहा अंक आधी वाचावेत. कोणती कथा कोठे आणि केव्हा पाठविली याची वहीत नोंद ठेवावी. एकच कथा एका वेळी दोन ठिकाणी धाडू नये. दिवाळी किंवा शारदीय अंकाची जुळवाजुळव कित्येक महिने आधी होते, हे ध्यानात ठेवावे. वाजवी काळ गेल्यावर एकदा विनयाने विचारणा करावी. टपालाची जागा आता ई-मेलने घेतली असली तरी मौन हेच अनेकदा उत्तर असते. नकार आल्यावर संपादकाशी वाद घालू नये. कथा पंधरा दिवस बाजूला ठेवावी, मग परक्याची म्हणून वाचावी. दोष दिसला तर पुन्हा लिहावी. न दिसला तर दुसऱ्या पत्त्यावर रवाना करावी. आणि पहिली कथा वाटेवर असताना दुसरी लिहावयास घ्यावी.

या शेवटच्या नियमाचे महत्त्व सर्वांत अधिक आहे. ज्याच्याजवळ एकच कथा असते त्याला एका नकारात सर्वस्व गेल्यासारखे वाटते. ज्याच्या टेबलावर नवी कथा अर्धी लिहून झालेली असते, तो परत आलेले पाकीट उघडतो, वहीत नोंद करतो आणि हातातले वाक्य पुरे करण्यास बसतो.